'इंजेक्शनने नस उघडत नाही' वाल्या फॉरवर्डबद्दल

मेसेज तुम्हालाही आला असेलच. "डोळ्याच्या पडद्यातली नस ब्लॉक झाली तर डोळ्यात सुई टोचून घेऊ नका, त्याने नस उघडतच नाही. रक्त पातळ करायची गोळी घ्या, डोळे गोल फिरवा. दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही." आईचं चौथं इंजेक्शन तोंडावर आलंय आणि तिलाच हा मेसेज आला, म्हणून लिहितोय.

इंजेक्शनने नस उघडत नाही हे खरंय. पण ती उघडायला ते देतच नाहीत हो! ही नस म्हणजे पडद्यातून रक्त परत नेणारी शीर, ती तुंबली की रक्त मागे साचतं, पाणी झिरपतं आणि पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, सुजतो, नजर धूसर होते ती मुख्यतः याच सुजेने. उपाशी पडलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतो, त्याने गळती अजून वाढते, इंजेक्शनमधली रॅनिबिझुमॅब किंवा अफ्लिबरसेप्ट ही औषधं त्यालाच अडवतात. आईच्या पहिल्या ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, मॅक्युलाच्या मधोमध एरवी असतो तो खळगा गायब होऊन टेकाड झालेलं, तिसऱ्या इंजेक्शननंतर खळगा परत दिसला, आणि दाराची चौकट जी तिला वाकडी दिसायची ती सरळ झाली. सगळ्यांना इतका फरक पडतोच असं नाही, पडद्याचा रक्तपुरवठाच फार तुटला असेल तर नजर कमीच राहते. काहींना वर्षानुवर्षं इंजेक्शनं लागतात, काहींची थोडक्यात थांबतात.

सुईची भीती मला कळते. पण आधी बधिर करायचे थेंब घालतात, मग आयोडीनने धुतात, आणि औषध किती तर 0.05 मिली, एक थेंब फक्त. नंतर डोळा दुखून लाल झाला किंवा नजर उतरली तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं, इन्फेक्शन क्वचित होतं पण होतं.

रक्त पातळ करायच्या गोळीने ही नस मोकळी होते असं सिद्ध झालेलं नाही. हार्टसाठी चालू असेल तर बंदही करू नका.

डोळे फिरवून बाहेरचे स्नायू हलतात. पडद्यात धमनी आणि शीर जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दोघींचं आवरण एकच असतं, बीपीने कडक झालेली धमनी शिरेला तिथेच दाबते. तिथे व्यायाम काय करणार?

आणि "दुखत नसेल तर" हे सगळ्यात वाईट. हा आजार दुखतच नाही, म्हणून तर लोक उशिरा येतात. मुख्य शीर जोरात तुंबली असेल तर पहिल्या काही महिन्यांत बुबुळावर नको त्या नवीन नसा उगवून काचबिंदू होऊ शकतो. तो मात्र भयंकर दुखतो.

एवढ्या लांब मेसेजमध्ये बीपी, शुगर तपासा हे कुठेच नाही. आईचा डोळा दाखवायला गेलो त्या दिवशी तिचं बीपी 180 निघालं, आम्हाला पत्ताच नव्हता.