वरचा मजला भाड्याने देणे आहे

गेल्या आठवड्यात आमच्या लातूरच्या दादानं घरच्या ग्रुपवर जाहिरात टाकली: 'वरचा मजला भाड्याने देणे आहे. दोन खोल्या, बोअरचं पाणी. फक्त शाकाहारी. फॅमिली किंवा मुली. आडनाव व गाव आधी कळवावे.' संभाजीनगरला नोकरी करणाऱ्या भाच्यानं लगेच लिहिलं, मामा, आडनावाचं काय लोणचं घालायचंय? त्याच्या रूम पार्टनरला गारखेड्यात नाव ऐकून खोली नाकारली होती, म्हणून तो तापलेला. मी जर्मनीत, स्टुटगार्टला राहते; तिथून भाच्याची बाजू घेतली. दादाचं उत्तर आलं, "स्टुटगार्टात बसून शिकवू नकोस. तिथं काय सगळ्यांना घरं वाटतात का?"

वाटत नाहीत, आणि तेच मला झोंबलं.

इथं घर बघायला गेलं की रांग जिन्यापर्यंत आलेली असते. प्रत्येकाच्या हातात फाइल: तीन महिन्यांची पगारपत्रकं, कर्ज-बिलं वेळेवर फेडतो का याचा शुफा या संस्थेचा उतारा, भाडं थकलेलं नाही असं आधीच्या मालकाचं पत्र. वर आपण किती शांत, सिगारेट न ओढणारे, रात्री दहानंतर आवाज न करणारे आहोत हे सांगणारा फोटोसकट मजकूर. स्थळाला बायोडाटा पाठवावा तसं, आणि आपण कायम मुलीकडचे. एवढं करून घर मिळालं तेव्हा स्वयंपाकघर मागच्या भाडेकरूकडून विकत घ्यावं लागलं, ओट्यासकट.

नावावरून नाकारणंही आहेच. 2017 साली बायरिशर रुंडफुंक हे प्रसारण केंद्र आणि श्पीगल हे साप्ताहिक यांनी मिळून जर्मनीतल्या दहा शहरांतल्या घरांच्या जाहिरातींना बनावट नावांनी सुमारे 20 हजार अर्ज धाडले. मजकूर सारखा, नावं वेगळी. अरबी आणि तुर्की नावांना घर बघायला यायचं बोलावणं जर्मन नावांपेक्षा कमी आलं. भेदभावाविरुद्धचा कायदा 2006 पासून आहे, तरीही. हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. दादा नाचला असता.

तरी मी माझं म्हणणं सोडत नाही. इथल्या मालकाच्या मनात काय असेल ते असो, त्याला ते कागदामागं लपवावं लागतं. आमचा दादा ते जाहिरातीत छापतो आणि खाली हात जोडल्याची खूण टाकतो. भाचा म्हणतो, मावशी, लपवून नाकारलं काय नि छापून नाकारलं काय, पोरगं रस्त्यावरच. त्याचं बरोबर असेल. पण पगारपत्रक पुढच्या वर्षी सुधारतं. आडनावाचं काय करायचं?

शिवाय एकदा आत शिरलं की इथं भाडेकरू म्हणजे कुणीतरी असतो. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेहून, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून नुसत्या भाड्याहून, जास्त घेता येत नाही, तेही तीन हप्त्यांत देता येतं आणि मालकाला ते स्वतःच्या पैशात मिसळता येत नाही. मला काढायचं तर लेखी कारण द्यावं लागतं. कायदे आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड. दादा नोटरी करून मोकळा होतो. अकरा महिन्यांनी पुन्हा नोटरी. आडनावाची मात्र त्याला आधी खात्री हवी.

आम्ही दोघं भाड्याच्या घरांतच वाढलो, हे तो विसरतो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, बदली झाली की औसा, निलंगा, उदगीर. प्रत्येक ठिकाणी ओट्यावर बसवून तेच विचारणं: आडनाव काय, गाव कोणतं, पाव्हणे कुठले. आमचं आडनाव चालायचं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत आतून चहा यायचा. कुणाला चहा न येताच उठावं लागत असेल, हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही. आईचे प्रश्न वेगळेच असायचे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ती आधी भिंतीला हात लावून बघायची, दगड-मातीची तर नाही ना. मग पाणी. नळ कितव्या दिवशी येतो, हौद केवढा, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळलं ती का विचारायची.

ती सवय मला लागलेली. इथं घर बघायला गेले आणि सगळ्यांसमोर न्हाणीतला नळ सोडून उभी राहिले. एजंटबाईंना वाटलं, काही बिघाड दिसला. माझ्या मागच्या जोडप्यानं घाईघाईनं पुढच्या खोल्या बघून घेतल्या.

अजूनही भाड्यानंच राहते. या देशात निम्म्याहून जास्त लोक तसेच राहतात, त्याचं कुणाला काही नाही. लातूरला गेलं की काकू विचारतात, तिकडं घर घेतलं का गं? नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. केरवोखेची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीच्या आठवड्याची, पाटी माझ्या दाराला लागली की मी जिना असा पुसते की खालच्या मजल्यावरच्या आजी मान डोलावतात. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला माझं गाव विचारलेलं नाही. शहाणपणाच आहे तो, मीच इथं त्याची तरफदारी करतेय. तरी कुणी विचारलंच तर मी औशाच्या किल्ल्यापासून सुरू होईन आणि थांबणार नाही. दादाचा प्रश्न मला इतका परका वाटत नाही, हीच अडचण आहे. माझं भांडण त्या उत्तरावर किल्ली अडवण्याशी आहे.

घरात माझाही वाटा आहे, म्हणून मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं: वरचा मजला ट्यूशनला आलेल्या पोरांना द्या, करार नोंदवा, भाडं वेळेवर येतं का तेवढं बघा, मटण शिजवायचं की वरण ते पोरं ठरवतील. दादानं लिहिलं, "मग तू ये आणि सांभाळ." यावर माझ्याकडं उत्तर नाही. जाहिरात अजून तशीच आहे. पण वहिनीनं मला वेगळा निरोप पाठवलाय की खोली बघायला दोन पोरं येऊन गेली, बोलायला चांगली होती, आडनाव विचारायचं राहून गेलं. आणि वरच्या मजल्याची किल्ली वहिनीकडं असते.