आधी घाम, मग जनुक

सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात जनुकीय आजारात फुप्फुसांत घट्ट, चिकट स्राव साठतो आणि घामातून जास्त मीठ जातं. त्याचा विषय आपल्याकडे निघाला की दोन वाक्यं ठरलेली. ‘हा गोऱ्यांचा आजार’ आणि ‘तपासायचंच तर थेट जनुकचाचणी करा’. ब्रिटनमधून पाहताना दोन्ही पटत नाहीत.

इथे 2007पासून देशभर नवजात बाळाच्या टाचेतून पाचव्या दिवशी रक्ताचे थेंब घेऊन आयआरटी हे स्वादुपिंडातून येणारं प्रथिन मोजतात. ते जास्त आलं तर ठरावीक जनुकदोष शोधतात. तरीही निदान पक्कं करायला घाम तपासतातच. युरोपात सर्वाधिक आढळणारा एफ508डेल हा दोष भारतीय रुग्णांत बराच कमी दिसतो. त्यामुळे युरोपीय यादीवर बेतलेली जनुकचाचणी आपल्या मुलांत ‘नॉर्मल’ येऊनही आजार असू शकतो. घामातल्या क्लोराइडला तुमचे आजोबा कुठले, याच्याशी देणंघेणं नसतं.

घामाची ही चाचणी 1959ची, गिब्सन आणि कुक यांची. हाताची आतली बाजू धुऊन कोरडी करायची, पायलोकार्पिन या घाम आणणाऱ्या औषधाच्या जेल-चकत्या बसवून पाच मिनिटं साधारण दीड मिलीअँपिअर प्रवाह द्यायचा. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच हातावर हवेत, म्हणजे प्रवाह छातीतून जात नाही. चकत्या काढल्यावर त्वचा लाल झालेली दिसते. धन बाजूच्या त्या लाल जागेवर गुंडाळीची नळी असलेली बशी घट्ट बांधायची. आतल्या निळ्या रंगामुळे घाम नळीत सरकताना दिसतो. अर्ध्या तासात किमान 15 मायक्रोलिटर हवा. कमी पडला तर दोन हातांचा घाम एकत्र करून भरती करायची नाही. चाचणी पुन्हा करायची. बाळ दोन आठवड्यांचं, तीन किलोंच्या वर आणि पोटात दूध नीट गेलेलं असलं की घाम सहसा पुरेसा येतो.

क्लोराइड 60 मिलीमोल प्रति लिटर किंवा जास्त असेल तर आजाराची शक्यता दाट आणि 30च्या आत असेल तर फार कमी. मधल्या आकड्यांसाठी फेरचाचणी आणि सविस्तर जनुकतपासणी.

बशी सैल राहिली तर घाम उडतो आणि आकडा फुगतो. इसब किंवा तीव्र कुपोषणातही तो वाढतो. अंगावर सूज असेल तर उलट खोटा कमी येतो, आणि नेमकी हा आजार असलेली काही मुलं आपल्याकडे सूज घेऊन येतात. काही यंत्रं क्लोराइड न मोजता कंडक्टिव्हिटी, म्हणजे घामाची वीज वाहून नेण्याची क्षमता देतात. ती साधारण 15ने जास्त असते, तिला 60ची रेघ लावणं चूकच.

दिल्लीच्या एम्समध्ये देशी साहित्यावर ही चाचणी बसवली गेली, म्हणजे अडचण फक्त पैशांची नाही. रोज हात बसलेला तंत्रज्ञ हवा. महिन्यातून एखादी चाचणी करणाऱ्या दहा लॅबपेक्षा विभागाला एक चालतं केंद्र बरं. विदर्भाच्या उन्हाळ्यात या आजारामुळे घामातून क्षार जाऊन पोटॅशियम घसरलेलं, सुस्त पडलेलं बाळ ‘ऊन लागलं’ म्हणून सलाइन लावून घरी जातं. पापा घेताना खारट लागतं, असं आई सांगत असेल तर आधी घाम तपासायला पाठवा. रिपोर्टवर घाम किती जमला आणि नेमकं काय मोजलं हे लिहिलेलं नसेल, तर तो परत करा.