लोहगावचा आवाज आणि लिंकनशायरचा हिवाळा

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच सूर होता: आता माघार नाही, एकदाचा निकाल लावा. एरवी याच ग्रुपवर लोहगावच्या हवाई तळावरच्या सुखोई लढाऊ विमानांचा आवाज, हवाई दलामुळे रखडणारी प्रवासी विमानं आणि पुरंदरचा विमानतळ यांवर वाद चालतात. आवाजाचा त्रास खरा आहे, विमाननगरात राहिलेल्याला तो सांगावा लागत नाही. पण युद्धाची हाक देणाऱ्याने हवाई तळावरच्या साध्या एअरमनचा, म्हणजे विमानं सज्ज ठेवणाऱ्या जवानाचा, दिवस आधी समजून घ्यावा, असं मला इथे इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये राहून कळकळीने वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात हा सगळा भाग बॉम्बर विमानांचा होता. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इथून लँकेस्टर विमानं बर्लिनवर जात. प्रत्येक विमानातून उडणाऱ्या सात जणांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. माझा जीव तुटतो तो खाली जमिनीवर राहून विमानं दुरुस्त करणाऱ्या माणसांसाठी. पन्हळी पत्र्याच्या बराकी, मध्ये एकच शेगडी, कोळसा मोजून. एका हल्ल्यात सगळी सापडू नयेत म्हणून विमानं तळाच्या कडेने लांब लांब उभी केलेली, त्यामुळे रोजची बरीचशी दुरुस्ती उघड्यावर, वाऱ्यात. लँकेस्टरला चार इंजिनं, प्रत्येकात १२ सिलिंडर, दर सिलिंडरला २ स्पार्क प्लग: एका विमानाचे ९६ प्लग. हातमोज्यांत बारीक नट धरता येत नाही आणि उघडं बोट गोठलेल्या धातूला चिकटतं. बर्फ पडला की फावडी घेऊन धावपट्टी मोकळी करायची. मग रात्रभर विमान परतायची वाट बघायची. १६ डिसेंबर १९४३ च्या रात्री बर्लिनहून परतणाऱ्यांना दाट धुकं लागलं आणि कितीतरी विमानं इंग्लंडमध्येच कोसळली. ज्या दुरुस्तीवाल्यांचं विमान आलं नाही, ते त्याच जागेवर आलेल्या नव्या विमानाच्या कामाला लागत.

ही विमानं चालवणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये शैलेंद्र एकनाथ सुखठणकर नॅव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग ठरवणारे, होते; त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. आपल्याकडे हे नाव कुणाच्या तोंडी नसतं, याचं मला वाईट वाटतं.

इंग्रजांनीही सगळं वेळेवर केलं असं नाही. बॉम्बर कमांडच्या ५५,५७३ मृतांचं लंडनमधलं स्मारक थेट २०१२ साली झालं. बॉम्बखाली मेलेल्या जर्मन नागरिकांचा प्रश्न आड येत होता, आणि तो प्रश्न रास्तच होता.

लोहगावचा तळ १९३९ चा. आज आपले एअरमन लेहला, दहा हजार फुटांवर, कडाक्याच्या थंडीत विमानं सज्ज ठेवतात. ग्रुपवर फोटो फिरतात ते पायलटचे. विमान दुरुस्त करणाऱ्या फिटरचा एकही नाही. घोरपडीचं युद्धस्मारक पुणेकरांच्या वर्गणीतून उभं राहिलं, त्याचा मला अभिमान आहे. तिथे ठेवलेल्या लढाऊ विमानाशेजारी ते उडतं ठेवणाऱ्यांची हत्यारं, पाळ्या आणि रोजचं कामही मांडा. त्यासाठी पुन्हा वर्गणी काढायची असेल, तर माझा वाटा मी इथून पाठवतो.