दुरुस्तीचं जहाज आपलं हवं

समुद्राच्या तळाशी टाकलेल्या इंटरनेटच्या केबल तुटण्यावर एक लेख वाचला. त्यात नोव्हेंबर 2024 मधली बाल्टिक समुद्रातली घटना दिली आहे: दोन दिवसांत दोन केबल तुटल्या, संशय एका चिनी मालवाहू जहाजावर. नांगर मुद्दाम ओढला की चुकून, हे सिद्ध कसं करणार? मुद्दाम केबल तोडणं समुद्री केबलींबाबतच्या 1884 च्या आंतरराष्ट्रीय करारानेच गुन्हा ठरवलंय, पण खुल्या समुद्रात खटला चालवायचा तो जहाजावर ज्याचा झेंडा त्या देशाने. म्हणजे झालंच!

आमचा सोलापुरात टॉवेलचा धंदा, गिऱ्हाईक युरोपातलं. मागे अक्कलकोट रोडला जेसीबीने जमिनीखालची इंटरनेटची फायबर केबल तोडली. जोडणारा पोरगा खड्ड्याच्या कडेला उन्हात बसून केसाएवढ्या काचेच्या तारा एकेक करून पुसत होता, मशीनमध्ये धरत होता. संध्याकाळी लाईन आली. समुद्रात हेच करायचं तर आधी खास जहाज हवं, मग तळातून दोन्ही टोकं वर ओढायची, मध्ये नवा तुकडा घालायचा, वर त्या त्या देशाची परवानगी. 2024 मध्ये तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी हल्ला केलेलं 'रुबीमार' हे मालवाहू जहाज बुडताना त्याच्या नांगराने केबल तुटल्याचं मानलं जातं. हल्ल्यांच्या भीतीने तिथली दुरुस्ती कित्येक महिने रखडली.

मुंबईत तर बऱ्याच केबल वर्सोव्याच्या एवढ्याशा किनाऱ्यावर येतात. ही गर्दी आधी पांगवायला हवी, आणि दुरुस्तीची जहाजं आपल्याच बंदरात कायम तयार हवीत.