खाऊ गोडच हवा का?

मी राहते त्या इंग्लंडमधल्या स्लाउ गावात स्टेशनच्या बाजूला विटांची एक जुनी उंच चिमणी आहे. हॉर्लिक्सच्या कारखान्याची. १९०८ च्या सुमारास सुरू झालेला हा कारखाना २०१८ मध्ये बंद पडला. आता त्या आवारात फ्लॅट्स झालेत, चिमणी आणि घड्याळाचा मनोरा मात्र जपून ठेवलाय. मुलाला शाळेत सोडून परतताना मी रोज तिच्याकडे बघते. सांगलीजवळच्या आमच्या गावात हॉर्लिक्स म्हणजे पोराची उंची आणि परीक्षेतले मार्क. इथे लोक ते रात्री झोप चांगली लागावी म्हणून पितात. नाव तेच, पण लेकरांच्या वाढीशी त्याचा संबंध जोडलेला मी इथे कुणाकडून ऐकला नाही.

गावाकडे आता या डब्यांवर बरंच बोललं जातंय, आणि ते मला मनापासून आवडतंय. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बजावलं, की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात विकू नका. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले. कुठल्या खाण्यात किती साखर आहे ते मुलांना दिसावं, म्हणून. ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के साखरेतून येतात, हवेत पाचच टक्के, असं त्या परिपत्रकात म्हटलंय.

भाचीच्या शाळेतही तो बोर्ड लागला. वहिनी फोनवर म्हणाली, “अहो ताई, मी तर बिस्किटं बंदच केली. आता सगळं गुळातलं करते. लाडू, चिक्की, नाचणीची खीर, सगळं घरचं.”

माझं म्हणणं नेमकं इथेच आहे. आपल्याकडची चर्चा ‘साखर की गूळ’ आणि ‘विकतचं की घरचं’ या दोन प्रश्नांवर येऊन थांबते. गुळात शंभर ग्रॅममागे ऐंशीच्या आसपास साखरच असते. त्यात थोडं लोह असतं, चव खोल असते, सगळं खरं. पण पोराच्या दातांना आणि यकृताला तो गूळ आहे हे कोण सांगणार?

हे मी कुणी परकी म्हणून बोलत नाहीये. आमचं घर उसाचं. दादा अजून कारखान्याला ऊस घालतात. दिवाळीआधी सभासदांची स्वस्त साखर घरी यायची, आणि ते पोतं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आलं की सण आला असं वाटायचं. माझी शाळेची फी त्या उसाच्या बिलातूनच भरली गेली. म्हणून साखरेला शिव्या घालणं मला जमत नाही. रोज दुपारी चारला तिचं पोराच्या हातात असणं, एवढंच मला खटकतं.

मागे आईने शेंगदाण्याचे लाडू पाठवले होते. मी ते काट्यावर तोलले. एक लाडू तीस ग्रॅमचा, आणि आईच्या प्रमाणाप्रमाणे त्यात दहा ग्रॅम गूळ. इथल्या आरोग्यसेवेच्या हिशेबाने ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला १९ ग्रॅमपेक्षा जास्त ‘मोकळी साखर’ नको. त्यात गूळ, मध आणि फळांचा रससुद्धा धरतात. अख्खं फळ आणि साधं दूध धरत नाहीत. दोन लाडवांतच सोळा ग्रॅम झाली. मग संध्याकाळच्या दुधात साखर घातली की संपलंच.

तो लाडू शाळेच्या डब्यातून परत आला. साखरेमुळे नाही, शेंगदाण्यामुळे. कुणाला ॲलर्जी असेल म्हणून आमच्या शाळेत दाणे, काजू, बदाम काहीच चालत नाही. मला तेव्हा वाईट वाटलं, पण आता डब्यात काय द्यायचं हा विचार खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू झाला.

इंग्लंड या बाबतीत काही आदर्श देश नाही, हे स्पष्ट सांगते. ५ ते ९ वर्षांची मुलं इथे सर्वात जास्त वेळा रुग्णालयात दाखल होतात ती किडलेल्या दातांमुळे. बाळांसाठी फळांच्या गराच्या पिशव्या मिळतात, वर ‘साखर घातलेली नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि चव सरबतासारखी गोड. पण दोन गोष्टी मात्र इथून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली म्हणजे एप्रिल २०१८ चा शीतपेयांवरचा कर. तो साखरेच्या ग्रॅमवर बसवला. शंभर मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅमहून कमी असेल तर काही नाही, पाचपासून पुढे लिटरला १८ पेन्स आणि आठपासून पुढे २४ पेन्स असे सुरुवातीचे दर होते. कर लागण्याआधीच कित्येक कंपन्यांनी साखर पाचाच्या खाली आणली. आपल्याकडे फसफसत्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण साखर कमी असो की जास्त, दर तोच. मग साखर कमी करून कंपनीला काय मिळणार? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटं, चॉकलेटं १८ वरून ५ टक्क्यांवर आणली. महागाईत लोकांना दिलासा हवा होता, हे कळतं. तरी शाळेत बोर्ड लावायचा आणि बाहेर पुडा स्वस्त करायचा, याची संगती मला लागत नाही.

दुसरी गोष्ट साधी आहे. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत ४ ते ६ वर्षांच्या मुलांना रोज एक फळ किंवा भाजी फुकट मिळते. माझ्या मुलाच्या वर्गात दहाच्या पुढे एक ट्रे फिरतो. कधी गाजर, कधी छोटं संत्रं, कधी नासपती. घरी गाजराकडे ढुंकून न बघणारा माझा मुलगा तिथे कच्चं गाजर कचाकचा खातो, कारण शेजारचा खातो. त्याला कुणी पौष्टिक वगैरे म्हणत नाही. भूक लागलेली असते आणि समोर तेवढंच असतं.

हे बघितलं आणि मला आमच्या घरातलाच खाऊ आठवला. आपल्याकडे गोड नसलेला खाऊ किती आहे! भाजणीचं थालीपीठ, मुगाचं धिरडं, तांदळाची उकड, मोकळ भाजणी, उकडपेंडी, ज्वारीच्या लाह्या, उकडलेलं कणीस, फुटाणे. (पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नका, घशात अडकतात.) आणि आमचं सांगली-जयसिंगपूरचं भडंग! मी ते दाण्यांशिवाय करते. चुरमुरे, लसूण ठेचून, कढीपत्ता, तिखट बेताचं, आणि दाण्यांच्या जागी डाळं. त्यात तेल-मीठ असतं, म्हणून रोज नाही, आठवड्यातून दोनदा. इतर दिवशी साडेतीनला मुलगा घरात शिरतो तेव्हा तव्यावर थालीपीठ असतं, त्याच्या तळहाताएवढं. मधल्या भोकात तो आधी बोट घालतो, मग दह्यात बुडवून खातो. दह्यात साखर घालत नाही. पहिले पंधरा दिवस त्याने तोंड वाकडं केलं, आता मागतही नाही.

आईला हे पटायला वेळ लागला. नातू वर्षातून एकदा येणार आणि त्याच्या हातावर गोड ठेवायचं नाही? तिचं दुखणं खरं होतं. आपल्या भाषेतच खाऊ म्हटलं की लाड आला, आणि लाड म्हटला की गोड. मी तिला म्हटलं, “सणाला पुरणपोळी तू हवी तेवढी घाल, मी अडवणार नाही. फक्त रोजचा खाऊ दुसरा दे.” ती काही बोलली नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही घरी पोचलो, तेव्हा ओट्यावर बिस्किटांचा पुडा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी रानातून ओल्या हरभऱ्याचा डहाळा आणला. आई पायरीवर बसली, नातू तिच्या मांडीला टेकून. ती घाटे फोडायची आणि हिरवे दाणे त्याच्या मुठीत टाकायची. तासाभराने सालांचा ढीग झाला होता, आणि हा विचारत होता, “आजी, अजून खाऊ आहे?”