देव न मानणाऱ्याचीही दारू सुटते

'वरच्या शक्तीला शरण गेल्याशिवाय दारू सुटत नाही. नास्तिकाने सोडली तरी तो पुन्हा पितोच. आणि गोळ्या म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरं.' हा मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. तो वाचून देव न मानणारा माणूस उपचाराची वाटच सोडून देऊ शकतो, म्हणून हे उत्तर.

शरण जाण्याची कल्पना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतून, म्हणजे दारू सोडण्यासाठी पाळायच्या बारा टप्प्यांतून आली. सभांमध्ये भेटून एकमेकांना दारू सोडायला मदत करणाऱ्यांची ही संघटना १९३५ मध्ये सुरू झाली, पायऱ्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या आणि त्यांत देवाचा उल्लेख आहेच. पण सभासद होण्याची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. या पद्धतीचा गुण येतो, हेही खरं. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले, तेव्हा दारू पूर्ण बंद ठेवण्यात ही पद्धत इतर उपचारांच्या बरोबरीची किंवा सरस ठरली. मात्र तो गुण बराचसा येतो तो पिणाऱ्या दोस्तांच्या जागी न पिणारी माणसं आल्यामुळे आणि मोहाच्या प्रसंगातून निभावून नेण्याचा विश्वास वाढल्यामुळे. या दोन्ही गोष्टी नास्तिकालाही मिळतात. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसून त्याच सभांत मिळतात, नाहीतर १९९४ पासून चालणाऱ्या स्मार्ट रिकव्हरीसारख्या गटांत, जिथे देवाचा विषयच निघत नाही.

गोळ्यांबद्दलचं वाक्य तर साफ चूक. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम यांपैकी कशाचीही सवय लागत नाही. नाल्ट्रेक्सोन सहसा दिवसाला ५० मिलिग्रॅम देतात. त्याने पिण्यातली मजा आणि तलफ दोन्ही कमी होतात. अफूवर्गीय वेदनाशामक चालू असेल तर ते अजिबात चालत नाही, आधी ७ ते १० दिवसांचं अंतर लागतं. अ‍ॅकॅम्प्रोसेटची गोळी ३३३ मिलिग्रॅमची, दोन-दोन, दिवसातून तीनदा; मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करतात किंवा ते देतच नाहीत. डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायली की शरीराला जोरदार त्रास होतो, म्हणून ते शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी, तेही रुग्णाला सांगूनच द्यायचं. चोरून जेवणात कालवणं जिवावर बेतू शकतं.

त्या मजकुरात जे लिहिलेलंच नाही, ते सर्वांत धोक्याचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका रात्रीत दारू बंद केली, तर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. इथे आस्तिक आणि नास्तिक यांच्या शरीरात काहीच फरक नसतो. आधी फिट येऊन गेली असेल, तर दवाखान्यातच सोडावी. तिथे बेंझोडायझेपिन हे मेंदू शांत करणारं औषध देऊन त्याची मात्रा हळूहळू उतरवतात, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देतात. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पुन्हा पिणं आस्तिकांमध्येही होतं. ते श्रद्धेच्या मापाने मोजायची गोष्ट नाही. ते कोणत्या वेळी, कुठे, कुणाबरोबर, उपाशी की दमलेल्या अवस्थेत झालं, हे त्याच दिवशी लिहून काढावं. तलफ सहसा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ ती जागा सोडायची, काहीतरी खायचं आणि आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाला फोन लावायचा. तो नंबर तलफ येण्याआधीच कागदावर लिहिलेला असावा.