मूक मोर्चा आणि मूक सभा

सप्टेंबर २०१६ मध्ये मी सुट्टीवर नाशिकला होते. बलात्कार करून मारलेल्या कोपर्डीच्या मुलीसाठी राज्यभर मूक मोर्चे निघत होते, त्यातला नाशिकचा मोर्चा २४ तारखेला होता. आई, मावशी आणि मी सकाळीच निघालो. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. पायांचा आवाज आणि मधूनच एखाद्या तान्ह्या बाळाचं रडणं, बस्स. मावशीच्या हातात फलक होता: ‘नराधमांना फाशी द्या’. तिचा हात भरून आला तेव्हा तो मी धरला. पुढचं सगळं वाचताना माझ्या हातातला तो फलक कृपया लक्षात असू द्या.

मी राहते अमेरिकेत, फिलाडेल्फियात. इथं दुसरी एक शांतता माझ्या वाट्याला आली. शेजारच्या बाई क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या आहेत. एका रविवारी त्या मला आर्च स्ट्रीटवरच्या त्यांच्या सभागृहात घेऊन गेल्या. इमारत १८०४ सालची. आत ना वेदी, ना मूर्ती, ना क्रूस. लाकडी बाकांच्या रांगा तेवढ्या. धर्मगुरू नाही, प्रवचन नाही. तासभर सगळे गप्प बसतात, आणि कोणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून दोन वाक्यं बोलतो. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ उठले. तुरुंगात ज्याला ते दर महिन्याला भेटतात, त्याच्या आईचं निधन झालं होतं. तेवढंच सांगून ते बसले. तास संपला तसे सगळ्यांनी शेजारच्याशी हात मिळवले आणि सभा उठली.

या पंथाचा फाशीला असलेला विरोध जवळजवळ पंथाइतकाच जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स यांनी सांगायला सुरुवात केली की प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला हे नवं नव्हतं. फॉक्स मात्र त्याच धाग्याने थेट न्यायाधीशांपर्यंत गेले. डर्बीच्या तुरुंगातून त्यांनी न्यायाधीशांना लिहिलं, की जनावरं किंवा पैसे चोरले म्हणून माणसाचा जीव घेऊ नका.

आणि मग क्वेकर स्वतःच फासावर गेले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथाच्या, सत्तेने १६५८ मध्ये कायदा केला: क्वेकरांना हद्दपार करायचं, परत आले तर मृत्युदंड. ऑक्टोबर १६५९ मध्ये बोस्टनमध्ये दोन पुरुषांना फाशी दिली. त्यांच्यासोबत मेरी डायर नावाच्या बाईंनाही फासापर्यंत नेलं आणि ऐनवेळी खाली उतरवून हाकलून दिलं. त्या पुढच्या वर्षी परत आल्या. घरी जाते म्हणा, सोडतो, असं सांगितलं तरी त्यांनी नकार दिला. १ जून १६६० रोजी त्यांना फाशी झाली. वाटेत त्यांचं बोलणं लोकांच्या कानांवर पडू नये म्हणून ढोल बडवले होते. त्यांचा ब्राँझचा एक पुतळा आमच्या शहरात चेरी स्ट्रीटवर, क्वेकरांच्या कचेरीबाहेर आहे. साधा पोशाख, बाकावर बसलेल्या, मान किंचित झुकलेली. कामावरून येताना मी कधीकधी तिथं थांबते. राज्याच्या हातातला दोर कोणाच्या गळ्यात पडेल हे त्या दिवशीच्या सत्तेवर ठरतं, हे या लोकांना पुस्तकातून कळलेलं नाही.

पुढे विल्यम पेन या क्वेकराने पेनसिल्व्हेनिया, म्हणजे माझं हे राज्य, वसवलं. इंग्लंडात चोरीलाही फाशी होत असताना त्याने १६८२ च्या कायद्यात ती जवळजवळ फक्त खुनापुरती ठेवली. १७१८ मध्ये तो गेला आणि इंग्रजी कायद्याची कडक कलमं परत आली. आजही या राज्याच्या कायद्यात मृत्युदंड आहे. १९९९ नंतर तो कोणाला दिलेला नाही, २०१५ पासून गव्हर्नरांनी तो थांबवून ठेवला आहे, पण काढून टाकलेला नाही. मोठी चूक क्वेकरांच्याही हातून झाली. फाशीऐवजी काय, याचं उत्तर म्हणून त्यांनी एकांतकोठडी उचलून धरली. गप्प बसलं की माणूस सुधारतो, अशी त्यांची श्रद्धा. १८२९ मध्ये इथं उघडलेल्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात एकेका कैद्याला वर्षानुवर्षं एकटं ठेवलं, आणि त्यात माणसं खचली. सभागृहातली स्वेच्छेची शांतता आणि कोठडीत लादलेली शांतता त्यांनी एकच समजली. आज क्वेकर संघटनाच एकांतकोठडीविरुद्ध झगडतात, म्हणून त्यांच्याबद्दलचा माझा आदर टिकून आहे.

बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचार झाले तेव्हा, ऑगस्ट २०२४ मध्ये, लोकांनी रेल्वे अडवली आणि पुन्हा तीच मागणी केली. आमच्या घरच्या ग्रुपवर मावसभावाने, दादाने, लिहिलं: ‘भरचौकात फाशी द्या.’ मी इथलं थोडं लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं: ‘तू तिकडे सुखात आहेस. आपल्या घरात झालं असतं तर?’

दादाचा प्रश्न खरा आहे आणि तो मला टाळायचा नाही. आपल्या घरात झालं असतं तर मलाही त्याचा जीव घ्यावासा वाटला असता. पण गांधीजींच्या घरात झालं होतं. मणिलाल आणि रामदास या त्यांच्या मुलांनी गोडसे आणि आपटे यांची फाशी रद्द करा म्हणून विनवणी केली. सरकारने ती मानली नाही, १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात दोघांना फाशी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा देश अहिंसेला मानतो, तेव्हा फाशीची शिक्षाच रद्द करणं योग्य. म्हणजे हा विचार मी अमेरिकेतून पार्सल करून पाठवत नाहीये. तो आपल्याच घरात होता.

आणि ज्या आईबापांसाठी आपण फाशी मागतो, त्यांना ती मागणी काय देते? सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती देता येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, दयेचा अर्ज. प्रत्येक तारखेला तेच फोटो, तेच प्रश्न. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात दोन बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली. दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर इतका रेंगाळला की २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या विलंबापायीच ती जन्मठेपेवर आणली. ज्यांची लेकरं गेली त्यांनी एवढी वर्षं ‘कधी?’ विचारण्यात घालवली. मी आज मोर्चात गेले तर फलकावर लिहीन: तपास नीट करा, खटला वर्षात संपवा, साक्षीदारांना संरक्षण द्या.

दादाला मी शेवटी आपल्याच जिल्ह्यातलं प्रकरण सांगितलं. जून २००३, एका घरात पाच जणांचा खून, बलात्कार. ऐकूनच अंगावर काटा येतो. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून सुरुवातीलाच वेगळीच चार माणसं ओळखली होती. सोळा वर्षं हे सहा जण आत होते. आपण मागतो तशी भरचौकात, लगेच फाशी झाली असती तर २०१९ मध्ये सोडायला कोणी उरलं नसतं.

ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. रात्री, म्हणजे तिकडच्या पहाटे, दादाची एकच ओळ आली: ‘मग त्या पाच जणांना मारणारे कुठे आहेत?’